काँक्रीटवरील संरक्षक लेपांचे विद्युत् परीक्षण

काँक्रीटच्या पृष्ठावरील लेप, अस्तर वा अंतर्भेदी द्रव्य यांची पाणी व लवणे अडविण्याची क्षमता विद्युत् मापनाने अजमावण्याची पद्धती. कोरडे काँक्रीट विजेचा अत्यंत मंद वाहक असते. परंतु छिद्रांतील ओलाव्यात विरघळलेल्या आयनांमुळे त्यातून प्रवाह वाहतो. लेप अखंड असल्यास रोध पुष्कळ वाढतो व सूक्ष्म छिद्रांतून पाणी शिरताच तो झपाट्याने घटतो.

अमेरिकन भौतिकीविज्ञ फ्रँक वेनर यांनी १९१५ मध्ये भूमीच्या रोधकतेसाठी मांडलेली चार अग्रांची पद्धत पुढे काँक्रीटलाही लावण्यात आली. अमेरिकेत रस्त्यांवरील बर्फ वितळविण्यासाठी टाकलेल्या मिठामुळे पुलांतील सळया गंजू लागल्या. तेव्हा कॅलिफोर्नियातील स्पेलमन व स्ट्रॅटफुल यांनी १९७१ मध्ये पुलांवरील लेपांसाठी विद्युत् पद्धत मांडली. या प्रकारच्या परीक्षणात लेपावर ओला स्पंज व तांब्याचा पत्रा ठेवून तो आणि आतील सळई यांमधील रोध मोजतात. १९८१ मध्ये व्हायटिंग यांनी क्लोराइड-भेद्यतेची शीघ्र चाचणी विकसित केली. तीत ५० मिमी. जाडीच्या चकतीतून ६० व्होल्ट दाबाने ६ तासांत वाहिलेला विद्युत् भार मोजतात. तो ४,००० कुलंबांहून अधिक असल्यास भेद्यता उच्च, तर १,००० हून कमी असल्यास अत्यल्प समजतात.

भारतात या प्रश्नाचे गांभीर्य सागरी पुलांमुळे प्रत्ययास आले. ठाणे खाडीवरील १९७३ च्या पुलातील पूर्वप्रतिबलन तारांना गंज चढला, तर पणजी येथील १९७० चा मांडवी पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला.

पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यात खारा वारा नाही. पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या स्थापनेनंतर (१९६२) येथे वाहन व अभियांत्रिकी उद्योग वाढले. अशा उद्योगांतील अम्लमार्जन व विद्युत् विलेपन यांच्या फरशा, तसेच सांडपाण्याच्या टाक्या यांना अम्ले व क्लोराइडे यांचा उपद्रव संभवतो. तेथील जाड अस्तरावरून उच्च दाबाचा कुंचला फिरविल्यास छिद्राच्या जागी ठिणगी पडते. मात्र खालचे काँक्रीट पुरेसे वाहक असावे लागते.

विद्युत् मापन हे अप्रत्यक्ष प्रमाण होय. अंतर्भेदी द्रव्ये लावलेल्या काही नमुन्यांत शीघ्र चाचणी भेद्यता अधिक दर्शविते. परंतु ९० दिवस क्षारद्रावण साठवून घेतलेल्या चाचणीत तेच काँक्रीट अधिक टिकाऊ ठरते. म्हणून केवळ एका आकड्यावरून लेप स्वीकारणे वा नाकारणे धोक्याचे असते.