दोन अक्षरांचा पहिला धडा

मंडळी, जॉर्जियन भाषेत 'देदा' म्हणजे आई आणि 'मामा' म्हणजे, गंमत बघा, वडील! 'देदा एना' म्हणजे मातृभाषा. याकोब गोगेबाश्विली यांनी १८७६ मध्ये मुलांसाठी काढलेल्या, आपल्या अंकलिपीसारख्या पुस्तकाचं हेच नाव. त्यातला पहिला धडा 'आइ इआ', म्हणजे 'हे बघ, व्हायोलेटचं फूल'. अक्षरं दोनच, पण पहिल्याच दिवशी मूल अख्खं वाक्य वाचतं!

हे कधीचं, ते आपण लक्षात घेऊ. १८०१ पासून तिथे झारचा अंमल. सरकारी शाळांत रशियनचा वरचष्मा. म्हणून १८७९ मध्ये तिफ्लिसला, म्हणजे आजच्या तिबिलिसीत, साक्षरता प्रसाराची संस्था निघाली. लेखक इल्या चावचावाद्झे तिच्या धुरीणांपैकी. देणग्या जमवायच्या, त्यातून शाळा चालवायच्या, पुस्तकं छापायची. हातात राज्य नसताना शिक्षणखातं चालवलं म्हणा ना! पुढच्या दशकात सरकारने जॉर्जियन शाळांतून आणखी मागे रेटली, तेव्हा हाच आधार उरला.

विद्यापीठाला मात्र झार जावा लागला. इतिहासकार इवाने जावाखिश्विली यांच्या पुढाकाराने ते १९१८ मध्ये उघडलं.

आणि १९७८? सोव्हिएत जॉर्जियाच्या नव्या घटनेच्या मसुद्यातून राज्यभाषेचं कलम गाळलं होतं. १४ एप्रिलला हजारो लोक तिबिलिसीच्या रस्त्यावर उतरले, त्यात विद्यार्थी पुष्कळ. कलम परत घालावं लागलं.