अस्थी, रक्षा आणि आठवण



एकलहऱ्यात राख म्हटली की दोन प्रकारची राख डोळ्यांपुढे येते. एक, औष्णिक वीजकेंद्रातील कोळशाची. १९७० साली हे केंद्र सुरू झाले आणि राखेची तळी, राखेचे ट्रक, राखेच्या विटा हे सारे या गावाच्या ओळखीचे झाले. दुसरी राख थोडीशीच असते. तिसऱ्या दिवशी सावडायला गेल्यावर दूध-पाणी शिंपडून आपण ती गोळा करतो. आज बोलायचे आहे ते या दुसऱ्या राखेविषयी.

अलीकडे पुष्कळ घरांत यावरून बोलाचाली होते. म्हातारी माणसे म्हणतात, "गोदावरीत सोडल्याशिवाय माणसाला गती कशी मिळायची?" शाळा-कॉलेजात गेलेला नातू म्हणतो, "आजोबांची राख शेतात घालू, वर आंब्याचे झाड लावू." घरात माणूस गेलेला, डोळे ओले, आणि भावाभावांत तेवढ्यावरून अबोला! एकाला वाटते रूढी मोडली. दुसऱ्याला वाटते नदी नासली. अशा वेळी इतिहासाला विचारावे. तो निवाडा देत नाही, पण आपल्या आधी काय काय होऊन गेले ते सांगतो.

पहिली गोष्ट फार जुनी आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून तेथे उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकऱ्यांचे गाव जमिनीखाली निघाले. ती माणसे आपले मृत कोठे ठेवीत असत? राहत्या घराच्या जमिनीखाली! लहान मूल गेले तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत त्याला ठेवीत. मोठ्या माणसाचे पाय घोट्यापासून तोडलेले सापडतात. मेलेल्याने घर सोडून जाऊ नये म्हणून तसे करीत असावेत, असा तज्ज्ञांचा तर्क आहे. प्रवराकाठी नेवासे आणि दायमाबाद येथेही मडक्यांतली अशी दफने मिळाली आहेत. म्हणजे पाहा, आज अस्थी घरात ठेवायला आपण कचरतो, आणि याच गोदावरीच्या खोऱ्यात एके काळी आपले माणूस आपल्याच घराखाली असे.

पुढे बौद्ध काळ आला. अस्थींवर स्तूप उभारण्याची चाल पडली. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे आपल्या पांडवलेण्यांत, चैत्यगृहातला दगडी स्तूप तुम्ही पाहिलाच असेल. मावळात भाजे येथे चौदा लहान स्तूप आहेत. ते दिवंगत भिक्षूंचे स्मारक असून त्यांतील काहींवर त्या भिक्षूंची नावे कोरलेली आहेत. ही चाल काही संपली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महानिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले. दादरच्या समुद्रकाठी जेथे त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, तेथे आज चैत्यभूमीचा स्तूप आहे. दर वर्षी लाखो माणसे तेथे येतात.

आता रामकुंडाकडे येऊ. तेथील अस्थिविलय तीर्थात अस्थी विरघळतात अशी श्रद्धा आहे, म्हणून दूरदूरची माणसे नाशिकला येतात. महात्माजींच्या अस्थीही १९४८ साली देशातल्या अनेक तीर्थांप्रमाणे येथे विसर्जित झाल्या. पण इतिहासाच्या अभ्यासकाला रामकुंडावर आणखी एका गोष्टीचे मोल वाटते. ती म्हणजे तीर्थोपाध्यांच्या वह्या. कोण आले, कोणत्या गावचे, कोणासाठी आले, हे त्यांत पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेले असते. जुनी पाने मोडीत असतात. अस्थी पाण्यात गेल्या, पण पणजोबांचे नाव वहीत राहिले! पणतू येतो, गाव आणि आडनाव सांगतो, आणि वहीत आपली माणसे शोधतो.

आणि नदी दूर राहिली तर? कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडचा प्रवास करून परतत होते. ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी त्यांचे निधन झाले. त्या मुलखात प्रेत जाळण्याची चाल नव्हती. तरीही परवानगी मिळाली, आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी देण्यात आला. चार वर्षांनी त्या जागी आपल्याकडच्या घाटाची छत्री बांधून तीत महाराजांचा अर्धपुतळा बसविला. ती छत्री आजही उभी आहे. इंग्लंडात तर वोकिंग येथे पहिले दहन १८८५ साली झाले. म्हणजे जी रीत आपल्याला अनादि वाटते, ती त्यांना नवी होती. आणि आपल्या माणसांनीही परक्या संगमालाच तीर्थ मानले.

घरचे उदाहरण घ्या. नाशिक तालुक्यातल्या भगूरचे स्वातंत्र्यवीर सावरकर २६ फेब्रुवारी १९६६ रोजी वारले. आपले दहन विद्युतदाहिनीत व्हावे, असे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते, आणि ते मुंबईच्या चंदनवाडीत तसेच झाले. पंडित नेहरूंनी १९५४ च्या मृत्युपत्रात लिहिले होते की, मूठभर रक्षा प्रयागला गंगेत सोडावी, आणि बाकीची विमानातून देशातल्या शेतांवर पसरावी. १९६४ साली ती तशी पसरली गेली. शेतात राख घालू म्हणणारा नातू काही जगावेगळे बोलत नाही, हे आजोबांच्या कानी घालण्यासारखे आहे.

आपण म्हणाल, "मग नदीत सोडणे चूकच का?" तसे मी म्हणत नाही. गोदावरीवरचा मोठा भार शहरांच्या सांडपाण्याचा आहे. त्यापुढे एका घरची राख ती केवढी! पण राखेबरोबर निर्माल्य, कपडे, प्लास्टिकच्या पिशव्या जातात. ते सारे नाशिकहून आपल्या एकलहऱ्याकडे आणि पुढे नांदूर मध्यमेश्वरच्या पक्ष्यांपर्यंत वाहत येते. म्हणून कोणी मूठभर अस्थी नदीला देतो आणि उरलेली रक्षा बांधावर घालतो. महाराष्ट्रातल्या पुष्कळ गावांनी असा मध्यम मार्ग धरला आहे.

झाड लावणाऱ्यांनी मात्र एक ध्यानात ठेवावे. जळलेल्या हाडांत कॅल्शियम व फॉस्फरस असतो, तो झाडाला उपयोगी. पण राख खारी असते. ती रोपाच्या मुळाशी ढिगाने टाकली तर रोप जळते. खड्डा मोठा घ्यावा, राख थोडी घ्यावी, भरपूर माती आणि कुजलेले शेणखत मिसळावे. आणि दोन उन्हाळे पाणी घालावे. वडिलांच्या नावाचे झाड वैशाखात वाळले तर दुःख दुप्पट होते.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. मुलांना एक वही करायला सांगा. आपल्या घरातील गेलेल्या माणसांची नावे, त्यांचे गाव, त्यांचा धंदा, त्यांनी खणलेली विहीर, लावलेले झाड, सांगितलेली एखादी हकिकत, आजीला विचारून तीत लिहू द्या. आजीचे आणि तिच्या आईचेही नाव लिहायला विसरू नका. इनामगावच्या त्या मडक्यांतल्या बाळांची नावे आज कोणालाच ठाऊक नाहीत. भाज्याच्या भिक्षूंची आहेत, कारण कोणीतरी ती कोरून ठेवली.