बाळ रोज संध्याकाळी तासन्‌तास रडतंय? कोलिक म्हणजे काय, काय करायचं आणि काय अजिबात नाही

दिवेलागणीची वेळ. तीन-चार आठवड्यांचं बाळ पोटभर दूध प्यायलंय, दुपटं कोरडं आहे, तरी अचानक रडायला लागतं. चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी घेतलेले. आजी म्हणते पोटात वारा धरलाय, शेजारीण म्हणते दृष्ट लागली. आणि आईला वाटतं, माझंच दूध पुरत नाहीये.

तळोद्यातलं घर असो की पुण्यातला फ्लॅट, पहिल्या बाळाच्या घरात हे बोलणं सारखंच. बऱ्याचदा यामागे असतं कोलिक.

कोलिक म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेतल्या डॉ. मॉरिस वेसल यांनी १९५४ मध्ये 'तीनचा नियम' मांडला. निरोगी बाळ दिवसात ३ तासांपेक्षा जास्त, आठवड्यात ३ दिवसांपेक्षा जास्त आणि ३ आठवड्यांपेक्षा जास्त काळ रडत असेल, तर ते कोलिक. आता डॉक्टर तास मोजत बसत नाहीत. ५ महिन्यांच्या आतलं बाळ कारणाशिवाय वारंवार, खूप वेळ रडतंय, शांत होत नाहीये, पण वजन वाढतंय आणि ताप नाही, एवढं पाहतात.

साधारण ५ पैकी एका बाळाला हा त्रास होतो. नक्की कारण अजून सापडलेलं नाही. हे रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वात जास्त असतं आणि ३ ते ४ महिन्यांत आपोआप थांबतं. आईचं दूध कमी पडतंय किंवा तिचं काही चुकतंय, असा याचा अर्थ नाही.

घरी काय करता येईल?

- दूध पाजल्यावर बाळाला खांद्यावर उभं धरून ढेकर काढा.
- मऊ कापडात सैलसर गुंडाळा, छातीशी धरून फिरा, हळू झोका द्या. पंख्याच्या एकसुरी आवाजानेही काही बाळं शांत होतात.
- पाठीवर झोपवून पाय सायकलसारखे हलवा, पोटावर हलक्या हाताने चोळा.
- पाळी लावा. संध्याकाळचा एक तास बाबांनी किंवा आजीने बाळ सांभाळावं आणि आईने झोपावं.

एखाद्या दिवशी यातलं काहीच चालणार नाही. तरी तुमचं काही चुकलेलं नसतं.

काय अजिबात करायचं नाही?

कोलिकने बाळाला कायमची इजा होत नाही. इजा होते ती रडणं थांबवण्याच्या घाईत केलेल्या उपायांनी.

*डागणं.* मेळघाटात बाळाचं पोट फुगलं की तापलेल्या लोखंडाने चटके देण्याची 'डंबा' नावाची प्रथा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या सिमोरी गावात २२ दिवसांच्या आजारी बाळाच्या पोटावर ६५ चटके दिल्याचं समोर आलं आणि गुन्हा दाखल झाला. यातून आजार बरा होत नाही, उलट जखमा चिघळून जंतुसंसर्ग होऊ शकतो.

*मध, घुटी, ग्राइप वॉटर.* ६ महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध, पाणीही नाही. मधामुळे वर्षाच्या आतल्या बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. ग्राइप वॉटर १८५१ पासून विकलं जातंय, पण त्याने कोलिक थांबतं याचा ठोस पुरावा नाही.

*मनाने औषध.* पोटदुखीच्या काही थेंबांमध्ये डायसायक्लोमीन असतं. ६ महिन्यांच्या आतल्या बाळाला ते देऊ नये, त्याने श्वास अडकू शकतो.

*जोरात हलवणं.* रागाच्या भरात बाळाला गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. संताप अनावर झाला तर बाळाला पाठीवर सुरक्षित जागी ठेवा, ५-१० मिनिटं बाहेर जा, कुणाला तरी हाक मारा.

दवाखान्यात लगेच कधी न्यायचं?

३ महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा जास्त ताप, हिरवी उलटी, शौचात रक्त, दूध न पिणं, बाळ मलूल पडणं, झटके, धाप, लघवी कमी होणं, टाळू फुगणं किंवा जांघेत गाठ. यातलं एक जरी दिसलं तरी रात्र आहे म्हणून थांबू नका, १०८ ला फोन करा.

तळोद्यात मदत कुणाची?

तळोद्यात उपजिल्हा रुग्णालय आहे, पण पहिला आधार म्हणजे आशाताई. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. गंमत बघा, रडणं सर्वात जास्त असतं तेव्हाच, म्हणजे सहाव्या आठवड्यात, तिची यातली शेवटची भेट होते. पुढची ठरलेली भेट थेट तिसऱ्या महिन्यात. म्हणून ४२ व्या दिवशी बाळाचं वजन करून घ्या, रडण्याबद्दल बोला आणि तिचा नंबर जवळ ठेवा.

दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावं. १०८ गुजरातमध्येही चालतो.

आईला सतत रडू येत असेल, बाळ नकोसं वाटत असेल, तर तो तिचा दोष नाही. टेली मानसच्या १४४१६ या मोफत नंबरवर मराठीत बोलता येतं. बाळाचं रडणं तीन-चार महिन्यांत थांबेल. तोपर्यंत आईला एकटं पडू देऊ नका.