पेंडलटन कायदा (१८८३)

अमेरिकेच्या केंद्रीय सरकारी नोकऱ्यांत वशिल्याऐवजी परीक्षेने भरती सुरू करणारा कायदा. राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांची त्यावर १६ जानेवारी १८८३ रोजी सही झाली. नाव ओहायोचे सिनेटर जॉर्ज पेंडलटन यांचे; मसुदा मुख्यतः वकील डॉर्मन ईटन यांचा.

पार्श्वभूमी : अँड्र्यू जॅक्सन यांच्या कारकिर्दीपासून (१८२९–३७) पोस्टमास्तरापासून जकात कारकुनापर्यंतच्या जागा विजयी पक्षाने आपल्या माणसांत वाटायच्या, हा रिवाज रुजला. पुढे अशा नोकरांच्या पगारातून पक्षासाठी वर्गणीही उकळली जाई. पॅरिसच्या कॉन्सलपदासाठी खेटे घालून निराश झालेल्या चार्ल्स गिटोने २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वेस्थानकावर राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या. १९ सप्टेंबरला ते वारले. कायदा या हत्येमुळे झाला असे सहसा सांगतात. १८८२ च्या निवडणुकीतील रिपब्लिकन पक्षाची पीछेहाटही तितकीच कारणीभूत असावी.

परीक्षा : ईटन यांनी ब्रिटिश सनदी सेवेचा बारकाईने अभ्यास केला होता. तिच्यातील खुली स्पर्धा १८५५ मध्ये हिंदुस्थानच्या सनदी सेवेपासून सुरू झाली होती. अमेरिकेत मात्र परीक्षा कामापुरती ठेवली, हे तिचे खरे वैशिष्ट्य. कारकुनाला शुद्धलेखन, सुवाच्य अक्षर, नक्कल, अपूर्णांक, टक्केवारी, व्याज, जमाखर्चाची मूलतत्त्वे, पत्रलेखन आणि देशाचा इतिहास-भूगोल एवढेच विचारीत. त्यामुळे महाविद्यालयाचे तोंड न पाहिलेल्यालाही दार उघडे राहिले. सुरुवातीच्या नियमांनुसार रिकाम्या जागेसाठी सर्वाधिक गुणांचे चार उमेदवार सुचवले जात. निवडलेल्याला सहा महिने उमेदवारी करावी लागे. देखरेखीच्या त्रिसदस्य आयोगात एका पक्षाचे दोनपेक्षा जास्त सदस्य नसत.

व्याप्ती : आरंभी जेमतेम दहा टक्के नोकऱ्या. ती वाढवण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना होता, आणि कायद्याची ताकद याच कलमात आहे. पायउतार होणारे राष्ट्राध्यक्ष आपण नेमलेल्यांना संरक्षण मिळावे म्हणून नवीन जागा कक्षेत आणीत; स्वार्थापोटी का होईना, व्याप्ती वाढत गेली. वर्गणी न दिल्याबद्दल बडतर्फी निषिद्ध ठरली. इतर बाबतींत योग्य कारणाशिवाय काढता येऊ नये, ही तरतूद १९१२ ची.

नंतरचा काळ : १९७८ च्या कायद्याने आयोग मोडून त्याची कामे वेगवेगळ्या संस्थांकडे दिली. धोरणविषयक पदांचे संरक्षण काढणारा आदेश ऑक्टोबर २०२० मध्ये निघाला, जानेवारी २०२१ मध्ये रद्द झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये फेरबदलांसह पुन्हा लागू झाला.

राज्ये : न्यूयॉर्क (१८८३) व मॅसॅच्युसेट्स (१८८४) यांनी असेच कायदे केले.