बालस्नेही न्यायपद्धती

बालस्नेही न्यायपद्धती : लैंगिक अत्याचारास बळी पडलेल्या अठरा वर्षांखालील बालकाची जबानी, वैद्यकीय तपासणी व साक्ष त्याच्या मनास नवी इजा न पोहोचता घेता यावी, म्हणून कायद्याने घालून दिलेली कार्यपद्धती.

गोव्याच्या 2003 च्या बाल अधिनियमाने स्वतंत्र बाल न्यायालयाची तरतूद केली. पुढील वर्षी ‘साक्षी’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पीडित व आरोपी यांच्यामध्ये आडपडदा ठेवण्याचे निदेश दिले. आणि लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम 14 नोव्हेंबर 2012 पासून अंमलात येताच या पद्धतीस देशव्यापी वैधानिक रूप मिळाले.

बालकाची जबानी त्याच्या घरी वा पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या स्त्री-अंमलदाराने, गणवेशाविना घ्यावयाची असते. रात्री त्यास ठाण्यात ठेवता येत नाही. विशेष न्यायालयाचे कामकाज बंद दाराआड चालते, वकिलास बालकाला थेट प्रश्न न विचारता ते न्यायाधीशांमार्फतच विचारावे लागतात, आणि आरोपीस साक्ष ऐकू यावी, परंतु तो बालकाच्या दृष्टीस पडू नये, अशी योजना पडदा, एकेरी काच अथवा दूरदृश्य यंत्रणेने केली जाते. साक्ष 30 दिवसांत व खटला शक्यतो वर्षात संपवावा, अशी मुदत आहे; तिचे पालन मात्र सर्वत्र होत नाही.

बाल कल्याण समिती (पहा : बाल न्याय अधिनियम) नेमते ती सहायक व्यक्ती तपासापासून निकालापर्यंत बालकासोबत राहते. विशेष न्यायालय खटला चालू असतानाही अंतरिम भरपाई देऊ शकते. महाराष्ट्रात 2013 पासून मनोधैर्य योजनेद्वारे अर्थसाहाय्य व पुनर्वसनाची सोय आहे (पहा : पीडित-भरपाई).