मेंढीचं दूध, मेणबत्ती आणि एक जबानी

आयर्लंडमध्ये १ फेब्रुवारीला वसंत सुरू झाला असं मानतात. थंडी काही गेलेली नसते. पण दिवस तासाभराहून जास्त वाढलेला असतो आणि मेंढ्यांच्या कासेत दूध उतरू लागतं. या दिवसाचं जुनं नाव इंबोल्क. विक्का पंथाचे लोक आज हाच सण पाळतात. घर झाडूनपुसून घेतात, मेणबत्त्या लावतात, थोडं दूध जमिनीवर ओततात. विक्का म्हणजे स्वतःला अभिमानाने चेटकीण म्हणवून घेणाऱ्या निसर्गपूजकांचा धर्म. आपल्याकडच्या करणीशी त्याचा काही संबंध नाही.

हा सण हजारो वर्षं अखंड चालत आलाय, असं त्यांच्या पुष्कळ पुस्तकांत बिनदिक्कत छापलेलं असतं. असं वाक्य दिसलं की आम्हा मास्तर लोकांचा हात आपोआप लाल पेनाकडे जातो.

मग खरं जुनं काय आहे? फार थोडं. कॉरमॅक नावाच्या आयरिश बिशप-राजाच्या नावावर इसवी सन ९०० च्या सुमाराचा एक शब्दकोश आहे. त्यात या दिवसाचा अर्थ मेंढीला दूध येण्याची वेळ असा दिलाय. (ही व्युत्पत्ती आजच्या भाषापंडितांना फारशी पटत नाही. काहींच्या मते मूळ अर्थ ‘पोटात’, म्हणजे गाभण मेंढ्या.) त्याच कोशात ब्रिगिड नावाची कवींची देवी आहे. तिच्या दोन बहिणी, दोघींचं नावही ब्रिगिडच, एक वैद्यकाची आणि एक लोहारकामाची. पुढे १ फेब्रुवारी हा संत ब्रिगिडचा दिवस म्हणून ख्रिस्ती पंचांगात गेला. देवीची संत झाली की संतीण आधीच होती, यावर विद्वानांचे वाद आहेत. असो. त्या काळी लोक या दिवशी नेमकं काय करत, हे मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आता विक्का पंथाचा हा सण आला कुठून? मला या सगळ्यात सर्वात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते.

१६६१ साली स्कॉटलंडमधल्या फॉरफर गावी चेटकिणींचे खटले चालले. इसोबेल स्मिथ नावाच्या बाईने जबानीत सांगितलं की सैतानाची नि तिची गाठ वर्षातून चारदा पडते. तिने सांगितलेले चारही दिवस चर्चच्या पंचांगातले, आणि पहिला कँडलमस, म्हणजे २ फेब्रुवारी, चर्चमध्ये मेणबत्त्या मंत्रून देण्याचा दिवस. स्कॉटलंडच्या त्या खटल्यांत आरोपीला रात्रंदिवस झोपू न देणं ही नेहमीची रीत होती. अशा माणसाला तारखा विचारल्या तर तो ओळखीच्याच तारखा सांगणार, नाही का?

पुढे कलकत्त्यात जन्मलेल्या मार्गारेट मरे या विदुषींनी १९२१ च्या आपल्या पुस्तकात असल्या जबान्या जवळजवळ जशाच्या तशा खऱ्या धरल्या. त्यांचं म्हणणं असं की चेटकिणी म्हणजे युरोपातल्या एका प्राचीन धर्माच्या अनुयायी. इतिहासकारांनी हे मत केव्हाच निकालात काढलं. पण मलायात कस्टम खात्यात नोकरी करून इंग्लंडला परतलेल्या जेराल्ड गार्डनर यांना ते पटलं होतं. चेटूकविरोधी जुना कायदा १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ साली त्यांनी हा धर्म अजून जिवंत आहे असं जाहीर करणारं पुस्तक काढलं. १९५० चं दशक संपता संपता आठ सणांचं वर्षचक्र ठरून गेलं. म्हणजे आज पाळतात तो आठ सणांचा संच माझ्यापेक्षा फार मोठा नाही!

रोनाल्ड हटन या इंग्रज इतिहासकाराने १९९९ च्या पुस्तकात हे सगळं सविस्तर मांडलं. पंथातले काही लोक रागावले, पण पुष्कळांनी ते मान्य केलं आणि मेणबत्त्या लावणं चालूच ठेवलं. ऑस्ट्रेलियातले विक्कन तर हा सण ऑगस्टच्या सुरुवातीला करतात, कारण तिकडे थंडी तेव्हा सरते. तारखेपेक्षा ऋतू मोठा मानणारी ही माणसं मला आवडतात. पण छळून काढलेल्या जबानीला ‘आमच्या पूर्वजांची परंपरा’ म्हणणं मला पटत नाही. ती बाई कुणाची धर्मगुरू नव्हती, ती आरोपी होती.

आणि परंपराच हवी असेल तर ती आयर्लंडच्या स्वयंपाकघरांत होती की. १९३७ ते १९३९ या काळात तिथल्या सरकारने एक सुरेख उपक्रम केला. सुमारे पाच हजार शाळांतल्या पन्नास हजारांच्या आसपास मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांना विचारून लोकरीती वहीत उतरवल्या. असा गृहपाठ द्यायची संधी मिळालेल्या शिक्षकांचा मला हेवा वाटतो. आयर्लंडच्या अशा नोंदींतून ब्रिगिडच्या आदल्या रात्रीचं वर्णन मिळतं. लव्हाळ्याचा क्रूस विणून दारावर लावायचा, म्हणजे घराला आग लागत नाही. कापडाचा एक तुकडा रात्रभर बाहेर ठेवायचा. ब्रिगिड जाता जाता त्याला हात लावते. मग वर्षभर कुणाचं डोकं दुखलं की तोच तुकडा कपाळाला बांधायचा.