जाहिरात-मर्यादा (आंतरराष्ट्रीय क्रीडासामने)

क्रीडांगण, खेळाडूंचा पोशाख व साहित्य यांवर व्यापारी नावे आणि बोधचिन्हे झळकविण्यावर क्रीडासंस्था वा सरकार यांनी घातलेले निर्बंध. खेळाचे पावित्र्य राखणे हा त्यांचा हेतू मानला जात असला, तरी त्यांतील बहुसंख्यांचा उगम प्रायोजकाने मोजलेल्या रकमेच्या संरक्षणात आहे.

क्रिकेटच्या विश्वचषकाला प्रारंभापासून प्रायोजकाचेच नाव असे : प्रुडेन्शियल, रिलायन्स, बेन्सन अँड हेजेस आणि 1996 साली विल्स. 27 फेब्रुवारी 1996 रोजी मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध सचिन तेंडुलकरने ज्या बॅटने 90 धावा काढल्या, तिच्यावर कोणत्याही कंपनीची मुद्रा नव्हती. उलट ज्या स्पर्धेत तो खेळत होता, तिच्या मस्तकी सिगारेटच्या छापाचे नाव होते. पुढे 1999 पासून विश्वचषकाचे असे नामकरण थांबले, आणि 2003 च्या केंद्रीय कायद्याने तंबाखूच्या प्रायोजकत्वास मनाई केली. सर्व निर्बंधांत लोकहिताचा असा निःसंशय हाच होय.

याच्या उलट प्रकार 2002 साली घडला. अधिकृत प्रायोजकांच्या प्रतिस्पर्धी कंपन्यांची जाहिरात खेळाडूंनी स्पर्धेच्या आगेमागे काही काळ करू नये, ही आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेची अट तेंडुलकरसह भारताच्या प्रमुख खेळाडूंनी अमान्य केली. परिषदेने हक्क विकताना खेळाडूंच्या वैयक्तिक करारनाम्यांवरही मालकी गृहीत धरली होती. अशा मक्त्याला खेळाडूंनी दिलेला नकार सर्वथैव न्याय्य होता. याउलट, परिषदेच्या स्पर्धांत छातीवर देशाचे नाव आणि प्रायोजकाचे बोधचिन्ह बाहीवर, हा दंडक आदरास पात्र आहे. 2 एप्रिल 2011 रोजी वानखेडेवर विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाच्या छातीवर म्हणूनच प्रायोजकाचे नव्हे, तर ‘इंडिया’ हे नाव होते.

परक्या मक्त्याच्या आश्रयाने फुकट प्रसिद्धी साधण्याच्या प्रकाराविरुद्ध दक्षिण आफ्रिकेने 2003 च्या विश्वचषकापूर्वी खास तरतूद केली. भारतात तसा स्वतंत्र कायदा नाही. त्याच स्पर्धेची तिकिटे बक्षीस म्हणून देऊ करणाऱ्या फिलिप्सच्या जाहिरातीविरुद्ध परिषदेच्या कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात मनाईहुकूम मागितला, परंतु ग्राहकांची दिशाभूल होते असे न्यायालयास न वाटल्याने तो मिळाला नाही.

सर्वांत कडक नियम ऑलिंपिकचा. ऑलिंपिक सनदेच्या 50 व्या नियमानुसार क्रीडास्थळी जाहिरातफलक लावता येत नाहीत, आणि पोशाखावर केवळ उत्पादकाचे चिन्ह, तेही ठरावीक आकाराचे, चालते. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईत भरलेल्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2028 च्या लॉस एंजलिस स्पर्धेत क्रिकेटला स्थान दिले. तेव्हा क्रिकेटपटूंच्या पोशाखालाही हाच नियम लागू होईल. मात्र त्या स्पर्धेसाठी काही क्रीडास्थळांना व्यापारी नाव ठेवण्याची मुभा ऑगस्ट 2025 मध्ये प्रायोगिक तत्त्वावर देण्यात आली आहे.